बांधकाम परवानगीच्या नोंदींवरून काम मिळतं का? नाशिकमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: 'अंबडला माझं अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग आणि ग्रिल-रेलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आतापर्यंत सगळी कामं ओळखीतून आली. महापालिका ज्या बांधकाम परवानग्या देते त्यांच्या नोंदींवरून नवीन साइट शोधता येतात असं ऐकलं. हे खरंच चालतं का? नोंदी मिळतात कुठे? आणि एक जण दर महिन्याला पैसे घेऊन तयार यादी द्यायला बसला आहे, ती घ्यावी का?'

चालतं. पण यादी हातात आली की त्याच दिवशी फोन लावत सुटायचं, आठ दिवसांत कंटाळायचं आणि 'सगळीकडे आधीच सेटिंग झालेलं असतं' म्हणून सोडून द्यायचं, असं करणारे मी बरेच पाहिलेत. परवानगी निघते तेव्हा त्या प्लॉटवर गाजरगवत असतं. बिल्डरच्या डोक्यात खोदाई, बोअर, शेजाऱ्याची कंपाउंड भिंत आणि बँक एवढंच असतं. खिडक्यांचं नाव निघायला अजून पाच-सहा महिने तरी जायचे असतात. तेव्हा दिलेलं तुमचं कोटेशन कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडतं आणि खरी वेळ येते त्या दिवशी त्याच्यासमोरच्या खुर्चीत दुसराच कोणीतरी बसलेला असतो. म्हणून नोंदीतून उचलायची ती तारीख आणि जागा. आपली पाळी कधी येते ते त्यावरून काढायचं आणि त्या सुमारास साइटवर हजर राहायचं.

आधी हद्द समजून घ्या, कारण नाशिकमध्ये परवानगी देणारं कार्यालय एकच नाही. शहरात महापालिकेचा नगररचना विभाग, शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात. महापालिकेचे विभाग सहा: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नाशिकरोड आणि नवीन नाशिक, म्हणजे आपलं सिडको. सातपूर-अंबडच्या औद्योगिक प्लॉटवरची शेड मात्र महापालिकेच्या यादीत शोधू नका; तिथे एमआयडीसीच नियोजन प्राधिकरण आहे आणि नकाशे तिच्याकडेच मंजूर होतात. देवळाली कॅम्प कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. सिन्नर, त्र्यंबकेश्वर ही गावं आपापल्या नगरपरिषदेकडे. शहराच्या हद्दीबाहेर गोवर्धन, गंगावऱ्हे, विल्होळी, शिंदे, पळसे या बाजूला एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. गंगापूर धरणाच्या बाजूचे फार्महाऊस, बंगले याच खात्यात येतात आणि रेलिंगवाल्यासाठी ती कामं वाईट नसतात. कागदावर 'मौजे देवळाली' वाचून कोणी कॅम्पात फिरू नये. नाशिकरोडचा बराच भाग देवळाली शिवारातच मोडतो.

आता कागद. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे मोजके भाग सोडून राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, बोलताना सगळे तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्याप्रमाणे एका इमारतीच्या आयुष्यात आपल्या कामाचे तीन कागद येतात. पहिला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. दुसरा जोता तपासणीचा दाखला; जोता म्हणजे पाया भरून जमिनीच्या वर आलेला चौथरा. तिसरा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, ज्याला जुनी माणसं अजून पूर्णत्वाचा दाखला म्हणतात. सीसी मुळात एका वर्षाची असते आणि काम सुरू झालं नाही तर वर्षावर्षाने नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत ओढता येते. याचा अर्थ सीसी निघाली म्हणजे काम सुरू झालं असं मुळीच नाही. जागेचा भाव वाढेपर्यंत सीसी घेऊन बसणारे असतात, भागीदारांत वाद झालेले असतात, काही जण नकाशा मंजूर करून घेऊन प्लॉटच विकायला काढतात. जोत्याचा दाखला निघाला की मात्र जमिनीत पैसा गेलेला असतो. सहसा तिथून कोणी मागे फिरत नाही. आपल्यासारख्याने वेळेचं घड्याळ लावायचं ते जोत्यापासून. सीसीची यादी फक्त कुठे लक्ष ठेवायचं ते सांगते.

सीसी वाचताना मजल्यांचा आकडा शेवटचा समजू नका. पहिली परवानगी बऱ्याचदा पार्किंग अधिक तीन मजल्यांची असते आणि मग टीडीआर किंवा प्रीमियम एफएसआय, म्हणजे विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, घेऊन सुधारित नकाशात पाच-सात मजले होतात. म्हणून एकाच सर्व्हे नंबरवर पुन्हा नोंद दिसली तर ती चूक नसून बहुतेक वेळा काम मोठं झाल्याची खूण असते. छोट्या बंगल्यांचं उलट आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी परवानगीची पद्धत बरीच सोपी केलेली आहे, त्यामुळे म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डीकडचे एकेकटे बंगले यादीत शोधण्यापेक्षा मोटरसायकलवर लवकर सापडतात.

नोंदी मिळवायच्या जागा. सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे साइटवरचा फलक. जागामालक, विकासक, आर्किटेक्ट, सर्व्हे नंबर, परवानगीचा क्रमांक आणि तारीख असलेला फलक बांधकामावर लावणं बंधनकारक आहे. तो वाळूच्या ढिगामागे वाकडा पडलेला असतो, पण असतो. मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच वेळी कितवा स्लॅब चालू आहे तेही लिहून ठेवा. फलकावरची तारीख आणि डोळ्यांना दिसणारं काम यांत किती अंतर आहे त्यावरून ती साइट किती वेगाने चालते ते कळतं. दोन वर्षांपूर्वीची सीसी आणि अजून दुसराच स्लॅब असेल तर पैशाची कुठेतरी अडचण आहे. तिथे घाई करू नका.

दुसरी जागा महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं संकेतस्थळ, आणि खरं सांगायचं तर फ्लॅटच्या कामांसाठी मी महापालिकेच्या आधी तिथेच बघतो. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प नोंदणीतून सुटतो. त्यावरचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही की बुकिंग घेता येत नाही. नाशिक जिल्हा निवडून शोध घेतला की प्रकल्पाचं पान उघडतं: मंजूर नकाशे, सीसी, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरची नावं, किती सदनिका आहेत, किती बुक झाल्या, काम पूर्ण करायची जाहीर केलेली तारीख. दर तिमाहीला बिल्डरने प्रगतीची माहिती भरायची असते. हे सगळं घरबसल्या, फुकट आणि कायदेशीर. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तरी थेट त्याच पानावर जाता येतं.

महापालिकेच्या ऑनलाइन परवानगी प्रणालीकडून फार अपेक्षा ठेवू नका. ती मुळात अर्जदार आणि त्याच्या आर्किटेक्टसाठी आहे. आपल्यासारख्या तिऱ्हाईताला हवी तशी चाळता येईल अशी ती नाही. त्यापेक्षा दोन साधे मार्ग आहेत. राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कार्यालयातले अभिलेख पाहता येतात. आधी आवक-जावकला विचारून जा, ओळखपत्र ठेवा, वही-पेन न्या आणि परवानगीचं रजिस्टर पाहायचं आहे असं सरळ सांगा. दुसरा मार्ग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. छायाप्रतीला पानामागे दोन रुपये. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, सांगूही नका.

अर्ज लिहिण्यात बरेच जण घोळ घालतात. 'नाशिकमधील सर्व बांधकामांची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलं की 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' हे उत्तर ठरलेलं. कार्यालयात जे रजिस्टर आहे त्याचीच प्रत मागायची. तुमच्यासाठी नवा तक्ता बनवून द्यायला कायद्याने ते बांधील नाहीत. मजकूर असा पुरतो: 'दि. १ एप्रिल ते ३० जून या कालावधीत नाशिकरोड विभागातील बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रांच्या नोंदवहीची साक्षांकित प्रत मिळावी. त्यात परवानगी क्रमांक व दिनांक, मौजे, सर्व्हे/गट क्रमांक, प्लॉट क्रमांक, वास्तुविशारदाचे नाव व मंजूर बांधकाम क्षेत्र या नोंदी असाव्यात.' एक विभाग, एक तिमाही. जोत्याच्या दाखल्यांसाठी वेगळा अर्ज. मालकाचा मोबाइल किंवा घरचा पत्ता मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून तो नाकारला जाईल, त्रयस्थ पक्षाची नोटीस निघून अर्ज लांबेल, आणि तो तुम्हाला लागतही नाही. मुदतीत उत्तर आलं नाही तर तिथेच ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

आता ज्याला खरी किंमत आहे ते, म्हणजे नकाशा वाचणं. महारेराच्या पानावरून मंजूर नकाशा उतरवून घ्या. आपण सगळे मजल्यांचे आराखडे बघत बसतो. कामाची गोष्ट कोपऱ्यात असते, दार-खिडक्यांचा तक्ता. डी म्हणजे दार, डब्ल्यू खिडकी, व्ही व्हेंटिलेटर, आणि पुढे मीटरमधली मापं. समजा पार्किंग अधिक पाच मजले, मजल्याला दोन फ्लॅट, म्हणजे दहा. प्रत्येक फ्लॅटला गॅलरीचं एक स्लायडिंग दार २.४ गुणिले २.१, तीन खिडक्या १.५ गुणिले १.२ आणि तीन व्हेंटिलेटर ०.६ गुणिले ०.९. दाराचे ५.०४, खिडक्यांचे ५.४०, व्हेंटिलेटरचे १.६२ असे मिळून १२.०६ चौरस मीटर. १०.७६४ ने गुणलं की फ्लॅटमागे साधारण १३० चौरस फूट, दहा फ्लॅटचे तेराशे. जिन्याच्या खिडक्या वेगळ्या. जिन्याचं रेलिंग आणि गॅलरीची लांबीही त्याच नकाशावर आहे. साइटवर पाय ठेवायच्या आधी तुम्हाला माहीत असतं की हे तेराशे फुटांचं काम आहे, तुमच्या वर्कशॉपच्या आवाक्यातलं आहे की नाही, आणि त्याला किती मालाची जुळवाजुळव लागेल. सुपरवायझरशी बोलताना 'तुमच्या डब्ल्यू-वनला तीन ट्रॅक घेताय का दोन?' असं विचारलं की तो तुमच्याकडे वर मान करून बघतो. 'काही काम आहे का' विचारणारे दिवसातून चार जण येत असतात. अर्थात नकाशातलं माप अंदाजासाठी. बनवायचं माप गिलावा आणि ग्रॅनाइटची चौकट झाल्यावर टेप लावूनच घ्यायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

पाळी कधी येते ते असं. आरसीसी आणि सेंट्रिंगवाला सीसीच्या आधीच ठरलेला असतो. इलेक्ट्रिकचा माणूस पहिल्या स्लॅबच्या आधी लागतो, कारण पाइप स्लॅबमध्ये टाकावे लागतात. प्लंबरचं स्लीव्हचं काम, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये भोकं सोडणं, तसंच. वॉटरप्रूफिंगवाल्याला संडास-बाथरूमचे सनकन, म्हणजे खाली दाबलेले स्लॅब, तयार झाले की बोलावणं येतं आणि मग थेट गच्चीला. आपल्यात दोन भाग पडतात. खिडकीचं लोखंडी ग्रिल गिलाव्याच्या आधी बसतं, म्हणून त्याची बोलणी तिसऱ्या स्लॅबच्या आसपास. स्लायडिंग उशिरा बसतं, पण रेट मात्र वीटकाम अर्ध्यावर आलं की ठरून जातो, आणि इथेच लोक उशिरा पोहोचतात. मध्यम इमारतीत एका स्लॅबला तीन आठवडे ते महिना धरा. जोता एप्रिलमध्ये तपासला गेला असेल तर तिसरा स्लॅब जुलैच्या पुढेमागे, पावसाने चार दिवस इकडेतिकडे. म्हणजे जूनच्या शेवटी एक चक्कर, नमुना घेऊन. माझ्या वहीत प्रत्येक साइटपुढे तीनच रकाने असतात: जोत्याची तारीख, अंदाजे तिसरा स्लॅब, आणि शेवटचं प्रत्यक्ष पाहिलं तेव्हाचं काम.

वर्षाचंही एक चक्र आहे. १ एप्रिलला रेडीरेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दर बदलू शकतात आणि प्रीमियम, विकास शुल्क त्याच दरांवर निघतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये फायली पुढे सरकवायची धावपळ असते. ही एप्रिल-मेची यादी नीट बघा. पितृपक्षात कोणी नवीन बोलणी करत नाही. दसऱ्याला भूमिपूजनं आणि ताबे दोन्ही उरकले जातात. सिंहस्थाच्या सरकारी कामांबद्दलही मुलं विचारतात. ती टेंडरची कामं, परवानगीच्या यादीशी त्यांचा संबंध नाही. ठेका कोणाला गेला ते बघून त्याच्याकडे पोटठेका मागायचा, तो वेगळा धंदा.

भोगवट्याच्या नोंदी बहुतेक जण बघतच नाहीत. भोगवटा मिळाला म्हणजे बिल्डरचं काम संपलं, पण दहा-वीस घरमालकांचं तिथूनच सुरू होतं: सेफ्टी डोअर, गॅलरीचं ग्रिल, डासांची जाळी, किचनच्या ड्राय बाल्कनीचं बंदिस्त करणं. एका घराचं काम नीट झालं तर त्याच जिन्यात आणखी चार मिळतात, आणि पैसे रोख नसले तरी लगेच मिळतात. सोसायटीने ग्रिलचं एकच डिझाइन ठरवलं आहे का ते आधी विचारा, नाहीतर लावलेलं काढावं लागतं. गॅलरी बंद करायच्या कामात मंजूर नकाशाबाहेर काय जातंय तेही मालकाला सांगून ठेवा.

भेटायचं कोणाला? कागदावर मालकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन (पट्टी) कुठला, काच किती एमएम, पावडर कोटिंगचा रंग कोणता हे आर्किटेक्ट लिहून देतो. एका आर्किटेक्टच्या हाताखाली एका वेळी अनेक साइट असतात. तिमाहीच्या यादीत तीच तीच नावं येताना दिसतील. त्यातली पाच-सहा निवडा आणि त्यांच्या ऑफिसात वेळ घेऊन जा, तुमच्या कामाचा कापलेला कोपरा दाखवा. जोड कसा बसतो, पाणी बाहेर जायचं भोक कुठे आहे, ते त्यांना हातात घेऊन बघू द्या. साइटवर सुपरवायझर. सकाळी दहाच्या आत जा, आणि स्लॅब भरायच्या दिवशी चुकूनही जाऊ नका. त्या दिवशी तो बापाचाही फोन घेत नाही.

कोटेशन देण्याआधी पेमेंटची चौकशी करा, ती साइटवरच होते. प्लंबर, सेंट्रिंगचा मुकादम, वाळू-खडीवाला यांच्याशी चहा घ्या. 'शेठ कसे आहेत?' एवढंच विचारा. महारेरावर मुदतवाढ घेतली आहे का, तक्रारी आहेत का, बुकिंग किती झालं आहे हे बघा. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून फक्त जमीन आणि बांधकामासाठीच काढता येतात, तेव्हा बुकिंग चांगलं असलेल्या प्रकल्पात बिलं तुलनेने सुटतात. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे कपाटांच्या क्षेत्रफळावरून बऱ्याच इमारतींचे दाखले अडकले होते, आणि दाखला अडकला की खरेदीखत अडकतं आणि त्यामागे ठेकेदाराचं शेवटचं बिलही. म्हणून शेवटच्या बिलाची रक्कम लहान ठेवा: माल आल्यावर, फ्रेम बसल्यावर, काच लागल्यावर असे टप्पे पाडा आणि रिटेन्शन, म्हणजे काम झाल्यावरही राखून ठेवलेली रक्कम, पाच टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचा भाव हलता असतो, कोटेशनवर 'पंधरा दिवस वैध' हे लिहाच. आणि 'पैशाऐवजी फ्लॅट घ्या, हिशेब जमवू' असं कोणी म्हणालं तर छोट्या वर्कशॉपने नम्रपणे नको म्हणावं. सेक्शनवाला व्यापारी फ्लॅट घेत नाही.

राहिला तो यादी विकणारा. मालकांच्या मोबाइल नंबरांसकट यादी असेल तर घेऊ नका. ते नंबर लोकांनी परवानगीच्या कामासाठी दिलेले असतात, बाहेर कसे आले ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. तीच यादी तुमच्यासारख्या आणखी वीस जणांकडे गेलेली असते, आणि परवानगी न घेता जाहिरातीचे एसएमएस घाऊक पाठवणं ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांत बसत नाही. परवानगीचा क्रमांक आणि सर्व्हे नंबर एवढंच तो देत असेल तर ते दहा रुपयांच्या अर्जात मिळतं. पण काही मुलं स्वतः गाडीवर फिरून कोणत्या साइटवर कितवा स्लॅब झाला, वीटकाम कुठवर आलं हे टिपून देतात. तो त्यातला असेल तर पैसे देण्यासारखं काम आहे. त्याला तुमच्या ओळखीच्या तीन साइटची नावं द्या, पाथर्डी फाटा, जेलरोड, म्हसरूळ अशा लांब लांबच्या, आणि आज तिथे काय चालू आहे ते दोन दिवसांत सांग म्हणा. तिन्ही बरोबर निघाल्या तर पुढच्या महिन्याचा दर ठरवायला बसा.